प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवर वाचक वाढतात, पैसा येतो, मग उत्तरे का बिघडतात?

शेती, आरोग्य आणि कायदा या विषयांवर मराठीत प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ काढू पाहणाऱ्या एका गटाने विचारले आहे: वापरकर्त्यांची संख्या, उत्पन्न आणि उत्तरांचा दर्जा ही तिन्ही एकाच वेळी वाढू शकतात का, की पहिल्या दोन गोष्टींसाठी तिसरीवर पाणी सोडावेच लागते? मी सुमारे चौदा वर्षे अशा संकेतस्थळांसाठी काम केले आहे, आधी नियंत्रक (अयोग्य प्रश्न-उत्तरे काढून टाकणारा) म्हणून आणि पुढे उत्तरांचा क्रम ठरवणाऱ्या गटात. त्या अनुभवावरून थोडे विस्ताराने लिहितो.

गर्दी वाढली की दर्जा घसरतो, हे या धंद्यातले सर्वात प्रचलित निदान आहे आणि माझ्या मते ते अर्धवट आहे. अशा संकेतस्थळावर तीन प्रकारची माणसे येतात: नुसती वाचणारी, प्रश्न विचारणारी आणि उत्तरे लिहिणारी. वाचणाऱ्यांची संख्या कितीही वाढली तरी उत्तरांना इजा होत नाही, उलट जाणकार माणसाला लिहिण्याचा हुरूप येतो. इजा होते ती उत्तर लिहिणाऱ्याच्या वेळेला किंमत नसते तिथे. ही इजा कंपनीच्या हिशेबात फार उशिरा दिसते, आणि सगळी अडचण या उशिरात आहे.

उशीर का होतो ते आधी पाहू. प्रश्नोत्तरांच्या पानाचे आयुष्य मोठे असते. सात-बाऱ्यावर वारसाची नोंद कशी करावी, याचे नेमके उत्तर कोणी एका दुपारी लिहिले, तर ते पुढची कित्येक वर्षे सर्च इंजिनमधून येणारा वाचक वाचत राहतो. म्हणजे आज येणारे बहुतेक वाचक आणि त्यांच्यामुळे मिळणारे जाहिरातींचे उत्पन्न हे पूर्वी लिहिलेल्या उत्तरांच्या साठ्यावर मिळत असते. नवी उत्तरे लिहिणारे निम्मे लोक उद्या निघून गेले, तरी महिनाअखेरच्या आलेखात ते उमटत नाही. विहिरीवर मोठा पंप बसवला की पाणी जास्त येते आणि झरे आटत चालले आहेत हे कळायला दोन-तीन उन्हाळे जावे लागतात, तसेच हे आहे. आलेख चढता असताना सावधगिरीची सूचना करणारा माणूस बैठकीत नेहमी एकटा पडतो. त्या जागी मी अनेकदा बसलो आहे आणि समोरच्यांचे आकडे खोटे नव्हते, हेही मला मान्य आहे. ते फक्त साठ्याचे आकडे होते, ओघाचे नव्हते.

याचे सर्वात स्पष्ट उदाहरण स्टॅक ओव्हरफ्लो हे आहे. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते २००८ मध्ये प्रोग्रामरांसाठी सुरू केले. तिथे महिन्याला विचारल्या जाणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या २०१४ च्या सुमारास २ लाखांच्या घरात पोहोचली आणि नंतर, २०२० मधला थोडा चढ सोडला तर, उतरत गेली. तरीही जून २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने स्टॅक ओव्हरफ्लो १८० कोटी डॉलरला विकत घेतले. नव्या प्रश्नांचा ओघ शिगेला पोहोचल्यानंतर सुमारे सात वर्षांनी ही किंमत मिळाली. या घसरणीचा काही भाग निर्दोष आहे हे मान्य केले पाहिजे, कारण नेहमीचे प्रश्न एकदा नीट सोडवले गेले की ते पुन्हा विचारावे लागत नाहीत. पण सगळी घसरण त्याने समजत नाही. तिच्याकडे पुढे येतो.

आता गुणांच्या पद्धतीकडे वळू, कारण उत्तर कसे लिहिले जाईल हे बरेचसे तिथेच ठरते. याहू ॲन्सर्स हे याहू कंपनीचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ २००५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाले. तिथे प्रश्न विचारायला ५ गुण खर्च होत, कोणतेही उत्तर लिहिले की २ गुण मिळत आणि उत्तर सर्वोत्तम ठरले तर १० गुण मिळत. विचार करा: चांगले उत्तर लिहायला अर्धा तास लागतो आणि ते सर्वोत्तम ठरेलच याची खात्री नसते, तेवढ्याच वेळात ‘डॉक्टरांना विचारा’ किंवा ‘मलाही हाच प्रश्न पडला आहे’ अशा तीस ओळी तीस ठिकाणी टाकता येतात आणि ६० गुण नक्की मिळतात. लोकांनी तेच केले. यात लोकांचा दोष काढणे अन्यायाचे आहे, कारण जे मोजले गेले ते त्यांनी पुरवले. स्टॅक ओव्हरफ्लोने उलट पद्धत स्वीकारली. तिथे नुसते उत्तर लिहिल्याबद्दल काहीच मिळत नाही. दुसऱ्याने उत्तराला पसंती दिली तर १० गुण, विचारणाऱ्याने ते स्वीकारले तर १५ गुण आणि कोणी नापसंती दर्शवली तर २ गुण वजा. एवढेच नव्हे, उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही १ गुण जातो, म्हणजे आकसाने नापसंती देण्याला थोडी किंमत मोजावी लागते. दोन्हीकडे गर्दी प्रचंड होती. याहूने मे २०२१ मध्ये आपले संकेतस्थळ बंद केले, आणि त्याच सुमारास दुसऱ्याला १८० कोटी डॉलर मिळत होते. गर्दी हे कारण असते तर हा फरक पडला नसता.

क्वोरा या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि मराठी वाचकांना जास्त जवळची आहे. ॲडम डी’अँजेलो आणि चार्ली चीवर या फेसबुकमधून बाहेर पडलेल्या दोघांनी २००९ मध्ये ती कंपनी काढली. सुरुवातीच्या काळात ज्या विषयाचा प्रश्न त्याच क्षेत्रातला माणूस उत्तर देताना दिसे. विकिपीडियाचे जिमी वेल्स यांच्यासारखे लोक तिथे स्वतःच्या नावाने लिहीत. त्या रचनेत एक फार मोलाचा नियम होता: प्रश्न कोणा एकाचा नसून सर्वांचा आहे, म्हणून त्याची भाषा कोणीही सुधारावी आणि एकाच अर्थाचे दोन प्रश्न आढळले तर ते एकत्र करावेत. त्यामुळे एका प्रश्नाखाली दहा चांगली उत्तरे जमत आणि लिहिणाऱ्याला आपले लिखाण वाचले जाईल याची खात्री असे. जाहिराती २०१६ मध्ये आल्या. २०१७ मध्ये कंपनीचे मूल्य गुंतवणूकदारांनी १८० कोटी डॉलर धरले, आणि २०१८ मध्ये महिन्याला ३० कोटी वापरकर्ते येतात असे कंपनीने जाहीर केले.

त्याच २०१८ मध्ये क्वोराने प्रश्न विचारणाऱ्यांना पैसे देण्याची योजना आणली. निमंत्रित सदस्यांनी विचारलेल्या प्रश्नांवर जाहिरातींचे जे उत्पन्न होईल, त्याच्या प्रमाणात त्यांना मोबदला मिळू लागला. उत्तर लिहिणाऱ्याला या योजनेतून काही मिळत नसे. कंपनीच्या बाजूने विचार केला तर योजनेमागचे तर्कशास्त्र समजते: प्रश्न वाढले की पाने वाढतात, पाने वाढली की सर्च इंजिनमधून वाचक वाढतात, आणि वाचक वाढले की जाहिराती दिसतात. परंतु व्यवहारात मोबदला प्रश्नाच्या उपयोगासाठी न मिळता प्रश्नांच्या संख्येवर मिळू लागला. गावांची नावे बदलून, आकडे बदलून, एकच प्रश्न शेकडो वेळा विचारला जाऊ लागला. कोणालाही खरोखर न पडलेले प्रश्न तयार होऊ लागले. प्रश्न एकत्र करण्याचा जो नियम दर्जाचा कणा होता, तो आता विचारणाऱ्याच्या कमाईच्या आड येऊ लागला, कारण एकत्र झालेल्या प्रश्नाचे दोन वेळा पैसे मिळत नाहीत.

याचा परिणाम उत्तर लिहिणाऱ्यावर कसा होतो ते मी जवळून पाहिले आहे. ज्या एका भारतीय संकेतस्थळासाठी मी काम करत होतो, तिथे नाशिक भागातले एक निवृत्त कृषी अधिकारी द्राक्षांवर लिहीत असत. केवडा आणि भुरी या दोन रोगांतला फरक पानाच्या कोणत्या बाजूला काय दिसते यावरून कसा ओळखावा, ढगाळ हवा आणि पाऊस एकत्र आले की कशाची भीती जास्त, फवारणी आधी करावी की लक्षण दिसल्यावर, हे त्यांनी इतक्या नेमकेपणाने लिहिले होते की द्राक्षबागायतदार ती पाने एकमेकांना पाठवत. आम्ही मात्र त्याच सुमारास प्रश्न विचारणे सोपे केले, म्हणजे टाइप करताना आधीचे मिळतेजुळते प्रश्न दाखवणारी पायरी काढून टाकली, कारण त्या पायरीवर अनेक जण प्रश्न न विचारताच परत जात होते. ते परत जात होते, कारण त्यांना उत्तर सापडत होते! आमच्या आकडेवारीत मात्र ती गळती दिसत होती. पायरी निघाल्यावर प्रश्नांची संख्या झपाट्याने वाढली आणि आम्ही आनंद साजरा केला. पुढच्या हंगामात त्या गृहस्थांना ‘द्राक्षाच्या पानावर डाग’ या एकाच प्रश्नाची इतकी रूपे नोटिफिकेशनमधून मिळाली, की त्यांनी आधी जुन्या उत्तराचे दुवे द्यायला सुरुवात केली, मग तेही सोडले. मी फोन केला तेव्हा ते रागावलेले नव्हते. ते म्हणाले, “अहो, मी उत्तर दिलंय. ते तुम्ही त्यांना दाखवत नाही, त्याला मी काय करू?” त्यांची जागा दुकानदारांनी घेतली, जे प्रत्येक डागावर आपल्याकडचे औषध सुचवत असत.

त्या प्रसंगानंतर मी वापरकर्त्यांची वाढ हा शब्द नुसताच वापरणे सोडले. कोण वाढले, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

याच्या उलट टोकाला जाण्याचाही धोका आहे. स्टॅक ओव्हरफ्लोने पुनरुक्ती टाळण्यासाठी आधी विचारलेला प्रश्न बंद करण्याची पद्धत काटेकोरपणे राबवली. तिने साठा स्वच्छ राहिला, पण नवशिक्याचा प्रश्न काही मिनिटांत बंद होणे, त्याला नापसंती मिळणे आणि खाली तुटक शेरा येणे हा तिथला नित्याचा अनुभव झाला. नव्या आणि उपेक्षित लोकांना आपले संकेतस्थळ आपुलकीचे वाटत नाही, हे कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केले. आज प्रश्न विचारणाराच उद्या उत्तर देतो. त्याला दारातूनच परत पाठवले तर दहा वर्षांनी उत्तर द्यायला कोणी उरत नाही. वर म्हटलेल्या घसरणीचा दुसरा भाग मला इथे दिसतो. प्रश्न एकत्र करावेत, पण एकत्र करणाऱ्याने ‘तुमचे उत्तर इथे आहे, यात काही उणे राहिले तर जरूर सांगा’ असे माणसासारखे सांगावे.

उत्पन्नाबद्दल माझे मत असे की ते किती आहे यापेक्षा कोणाकडून येते, याने दर्जा ठरतो. गुगलने २००२ मध्ये गुगल ॲन्सर्स सुरू केले होते. विचारणारा २ ते २०० डॉलर देई, निवडलेले संशोधक उत्तर शोधत आणि त्यांना त्यातले तीन चतुर्थांश मिळत. उत्तरे सविस्तर आणि संदर्भासह असत, पण पैसे मोजून विचारणारे मूठभरच निघाले आणि २००६ च्या अखेरीस ते बंद झाले. त्याच २००२ मध्ये दक्षिण कोरियात नेव्हर या सर्च इंजिनच्या कंपनीने प्रश्नोत्तरांची सेवा काढली. तेव्हा कोरियन भाषेत शोधून सापडावे असे फारसे लिखाण इंटरनेटवर नव्हते, म्हणून लोकांकडूनच ते लिहून घ्यावे असा तिचा हेतू होता. कमाई शोधाच्या जाहिरातींतून होत असल्यामुळे प्रत्येक प्रश्नाच्या पानाने स्वतःचा खर्च काढावा अशी सक्ती नव्हती. या सेवेच्या बळावर नेव्हर आपल्या देशात गुगलसमोर टिकले. पुढे तिथेही ग्राहकाचे सोंग घेऊन जाहिरात करणारी उत्तरे शिरली, तरीही एखाद्या भाषेत लिखाणच कमी असताना प्रश्नोत्तरे काय करू शकतात, याचा मराठीसाठी याहून चांगला दाखला मला माहीत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोलाही अशीच सोय होती: त्याचा वाचक प्रोग्रामर असल्यामुळे नोकरीच्या जाहिराती आणि कंपन्यांना अंतर्गत वापरासाठी विकलेली आवृत्ती यांतून पैसा येई, त्यामुळे पानांची संख्या फुगवण्याची गरज कमी होती. जिथे केवळ पान उघडण्यावर पैसा आहे, तिथे मात्र अर्धवट उत्तर हे पूर्ण उत्तरापेक्षा फायद्याचे ठरते, कारण वाचक समाधान न झाल्याने आणखी तीन पाने उघडतो.

वर्गणीचा मार्ग क्वोराने २०२१ मध्ये घेतला आणि महिन्याला ५ डॉलर देणाऱ्यांसाठी काही उत्तरे राखीव ठेवण्याची मुभा लेखकांना दिली. लेखकाला मोबदला मिळावा हे योग्यच आहे. पण लोक वर्गणी देतात ती वारसाच्या नोंदीच्या उत्तरासाठी क्वचितच, कारण ते एकदा वाचले की काम होते. चीनमधल्या झीहू या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २०११ मध्ये जाणकारांपुरते, निमंत्रणावर सुरू होऊन पुढे वर्गणी आणली, तेव्हा तिथे रंजक कथांना बरकत आली. वर्गणीदार पुन्हा पुन्हा येतो तो करमणुकीसाठी, हे गणित तुम्हाला आवडो न आवडो, धरून चालावे लागेल.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि आठवड्याभरात स्टॅक ओव्हरफ्लोला यंत्राने लिहिलेल्या उत्तरांवर तात्पुरती बंदी घालावी लागली. कारण समजून घेण्यासारखे आहे: ती उत्तरे दिसायला बरोबर होती, त्यांतली बरीच चुकीची होती, लिहायला काही सेकंद लागत होते आणि तपासायला मात्र जाणकाराचा पूर्वीइतकाच वेळ लागत होता. म्हणजे ज्याचा वेळ आधीच सर्वात दुर्मीळ, त्याच्यावरच सगळा भार पडला. जून २०२३ मध्ये नियंत्रकांनी संप केला, तो अशी उत्तरे काढून टाकण्यावर कंपनीने घातलेल्या निर्बंधांवरून. २०२४ च्या अखेरीस नव्या प्रश्नांची मासिक संख्या २५ हजारांच्या आसपास आली. आणि त्याच वर्षी कंपनीने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी करार करून आपला साठा यंत्रांना वापरायला दिला. काही सदस्यांनी निषेध म्हणून आपली उत्तरे पुसायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांची खाती काही काळ बंद ठेवली गेली. साठ्यावर उत्पन्न आणि ओघाकडे दुर्लक्ष, याचे हे अगदी उघड रूप आहे. क्वोरानेही आपल्या पानांवर यंत्राचे उत्तर वर दाखवायला सुरुवात केली. स्वतः जगलेली गोष्ट लिहिणाऱ्या माणसाला आपले उत्तर त्या खाली दिसले, तर त्याने पुन्हा का लिहावे?

मराठीची स्थिती काही बाबतींत अवघड आणि काही बाबतींत सोपी आहे. क्वोरा २०१८ मध्ये हिंदीत आणि त्यानंतर लवकरच मराठीत आले. तिथे काही जणांनी इतिहास, भाषा आणि बँकेच्या व्यवहारांवर फार चांगले लिहिले. पण प्रश्नांचा मोठा भाग अनुवादित आणि कृत्रिम असल्याने ते लिखाण शोधावे लागते. मराठी वाचकाला दाखवलेल्या जाहिरातीचा दर इंग्रजीच्या तुलनेत बराच कमी असतो, तेव्हा पानांच्या संख्येवर धंदा उभारायचा तर संख्या अफाट लागेल आणि ती अफाट करताना वर सांगितलेली प्रत्येक चूक करावी लागेल. दुसरीकडे १९९६ पासून चालू असलेल्या मायबोली या मराठी संकेतस्थळाकडे पाहा. ‘युक्ती सुचवा, युक्ती सांगा’ यासारख्या धाग्यावर (एका विषयावरच्या चर्चेच्या पानावर) स्वयंपाकातल्या अडचणींना मिळालेली उत्तरे कोणत्याही मोबदल्याशिवाय लिहिली गेली आहेत. उणीव एवढीच, की शेकडो प्रतिसादांत नेमके उत्तर शोधायला डोळे दुखतात. लिहिणारे आहेत, लिहिलेले मांडून ठेवणारे कमी आहेत.

म्हणून तुमच्या गटाला माझा सल्ला असा, की तीन विषयांनी सुरुवात करू नका. आरोग्य तर पहिल्या दोन वर्षांत हाती घेऊच नका, कारण तिथल्या चुकीच्या उत्तराची किंमत वाचक आपल्या शरीराने मोजतो आणि तपासण्याइतके डॉक्टर तुमच्याकडे असणार नाहीत. जमिनीचे कायदे किंवा एखादे पीक निवडा आणि त्यातली दहा-पंधरा जाणकार माणसे स्वतः जाऊन भेटून मिळवा. त्यांना उत्तरामागे पैसे देऊ नका. दरमहा मानधन देता आले तर द्या, नाही तर त्यांचे नाव, गाव आणि अनुभव उत्तराच्या वर ठळक छापा. रोजच्या वापरकर्त्यांचा आकडा भिंतीवर लावण्याऐवजी, मागच्या महिन्यात लिहिणाऱ्यांपैकी किती जण या महिन्यात परत आले, हा आकडा लावा. दर आठवड्याला कोणतीही पन्नास उत्तरे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्या विषयाच्या माणसाकडून वाचून घ्या. हे काम यंत्रावर सोपवू नका.

उत्पन्नासाठी बी-बियाणे आणि औषधांच्या कंपन्यांची जाहिरात पहिल्यांदा येईल आणि तीच सर्वात मोठी रक्कम देऊ करेल. ज्या पानावर रोगाचे निदान आहे, त्या पानावर तरी ती घेऊ नका. शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी पदवीधरांचे वर्ग, वकिलांची कार्यालये यांना आपल्या सभासदांसाठी नीट लावलेला, शोधता येणारा संग्रह हवा असतो आणि त्याला ते वार्षिक वर्गणी देऊ शकतात. त्यांच्याशी बोलणी आत्ताच सुरू करा. आणि हाती येणारी पहिली रक्कम ॲपच्या जाहिरातीवर न घालवता दोन अर्धवेळ संपादक नेमा. प्रश्न एकत्र करणे, शासनाचा नवा निर्णय आला की जुन्या उत्तरावर तारीख आणि दुरुस्ती चढवणे, आणि प्रश्न बंद करताना विचारणाऱ्याला दोन ओळी लिहिणे, एवढेच त्यांचे काम असावे. त्यांचा पगार निघेल एवढे वर्गणीदार मिळेपर्यंत दुसरा विषय उघडू नका.